तोच आकडा दुसऱ्यालाही मिळायला हवा

मालवणच्या होमस्टेंची उत्पादकता मोजतेयस ना? मग आधी लिहून ठेव: उत्पादन म्हणजे भरलेल्या खोल्या, की वाढलेली ताटं? घरच्या बाईचे पहाटेचे तास श्रमात धरलेस का?

मूळ फाइलला हात लावू नकोस. मी एकदा गणपतीच्या आठवड्यातल्या नोंदी एक्सेलमध्ये थेट पुसल्या. दोन वर्षांनी माझाच निकाल मला जुळेना. फार लागलं ते. आता प्रत्येक दुरुस्ती स्क्रिप्टमधूनच करते, कारणासकट.

डीईए, म्हणजे तेवढ्याच साधनांत कोण जास्त उत्पादन काढतं याची तुलना करणारी पद्धत, वापरणार असशील तर १९७८चं सीसीआर मॉडेल (साधनं वाढली की उत्पादन त्याच प्रमाणात वाढतं असं धरणारं) की १९८४चं बीसीसी (तसं न धरणारं), हे सांग; कार्यक्षमतेचे गुण बदलतात. बूटस्ट्रॅप, म्हणजे माहितीतून पुन्हा पुन्हा नमुने काढून निकाल किती हलतो ते बघणं, केलंस तर त्याचा सीड (यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो) आणि सॉफ्टवेअर पॅकेजची आवृत्तीही नोंदव.

फाइल देताना मालकांची नावं काढ. तारकर्लीत खोल्यांच्या संख्येवरूनही घर ओळखू येतं, तेवढं बघ.