कायम नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकायची भीती वाटते. ती कशी घालवावी?

तुम्ही लिहिलंय की वय ३३, चिंचवडला टूल रूममध्ये (कारखान्याची हत्यारं, साचे बनवणारा विभाग) ९ वर्षं कायम नोकरी, गाळा घेऊन स्वतःचं जॉबवर्क (दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देणं) सुरू करायचं दोन वर्षं मनात आहे, पण राजीनाम्याचा विचार आला की झोप उडते. मी हे २०१२ साली केलं, ३६व्या वर्षी. भोसरीत माझा गाळा आहे. भीती घालवायचा उपाय मला आजही माहीत नाही. ती नेमकी कशाची आहे एवढं मात्र शोधता आलं, आणि माझं काम तेवढ्यावर भागलं.

माझी भीती घरातून आली होती. आबा, म्हणजे माझे वडील, परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आम्ही खोली सोडून पाटण तालुक्यातल्या गावी परत आलो. आबा संपाबद्दल फारसं बोलत नसत, पण १० तारीख आली की दिवसभर गप्प असायचे. गिरणीत पगार १० तारखेला व्हायचा.

मी नोकरी सोडतोय म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मग आता पगाराची तारीख कंची?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री लक्षात आलं की पैसे बुडतील याचं मला तेवढं भय नाही. आपल्या पोरांनाही एक दिवस ट्रंका बांधून गावी न्यावं लागेल, हे भय आहे.

हे कळल्यावर मी आणि बायको वही घेऊन बसलो. तिची शाळेत नोकरी. तिच्या पगारात किराणा आणि फी भागते का, हे आधी पाहिलं. जेमतेम भागत होतं. मग ग्रॅच्युइटी काढली. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये होते. त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की वर्षाचे ९,००० होतात. माझ्या नोकरीच्या बारा वर्षांचे १,०८,०००. ही रक्कम आणि साठवलेले पाच लाख, एवढेच धंद्यात घालायचे. पीएफला हात लावायचा नाही. घर गहाण टाकायचं नाही, ही बायकोची अट होती. दीड वर्षात गाळ्याचं भाडं आणि दोन माणसांचा पगार सुटला नाही तर मशीन विकून पुन्हा नोकरी. चांगल्या टर्नरला (लेथवरचा कारागीर) किंवा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालवणाऱ्याला या पट्ट्यात काम मिळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

बायकोचा पगार नसता तर मी त्या वर्षी नोकरी सोडली नसती. "बिनधास्त उडी मार" म्हणणाऱ्या माणसाच्या घरी दुसरा पगार आहे का, किंवा गावी बागायती जमीन आहे का, हे विचारून घेत जा. यात त्याची बदनामी नाही, पण आपल्याला हिशेब कळतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण सगळे देतात, की मुंबईतल्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेतली शिकवायची नोकरी सोडून ते बेळगावला गेले. मला त्याच्या आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली पाठवत आणि भाऊ रामूअण्णा त्या बेळगावात विकत, लोकांना चालवायलाही शिकवत. म्हणजे नोकरी सुटली तेव्हा बेळगावात गिऱ्हाईक होतं. पुढे १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी दोन वर्षं तो कुणी घेईना. त्या दोन वर्षांत त्यांना काय वाटलं असेल, याचा मी खूपदा विचार केला आहे, विशेषतः गाळ्यात काम नसायचं तेव्हा.

मीही सोडण्याआधी सात-आठ महिने रविवारी एका ओळखीच्या गाळ्यात तासाच्या दराने मशीन घेऊन छोटी कामं केली. फिक्श्चरच्या (मशीनवर नग घट्ट धरणारी चौकट) पिना, बुश, असलंच काही. आपल्या कंपनीच्या गिऱ्हाइकाचं काम मात्र घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका. या धंद्यात नाव एकदाच खराब होतं.

पुढे जे व्हायचं ते झालंच. चौथ्या महिन्यात ४० नगांची ऑर्डर परत आली. भोकाचं माप तपासायला दोन गेज असतात, गो आत जायला हवं आणि नो-गो जाता कामा नये; इथे नो-गोही सरळ आत जायचं. रीमरने (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) भोक मोठं केलं होतं आणि मी पहिला नग तपासून बाकीचे तसेच काढले होते. माल माझा, खर्च माझा. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने बिल ११० दिवस अडकवलं. लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही पहिल्याच महिन्यात उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) करा आणि बिलावर तो नंबर छापा. त्या दिवसांत काळजी खूप होती, पण राजीनाम्याआधीच्या दोन वर्षांत छातीवर असायचा तसला दगड नव्हता. सकाळी उठून दर पाचव्या नगाला गेज लावायचं, फोन करून पैसे मागायचे, हातात काहीतरी करण्यासारखं होतं.

तुमची ९ वर्षं झालीत, तर एक वर्ष थांबा. दहा वर्षं भरली की पीएफच्या पेन्शनचा हक्क पक्का होतो. रक्कम मोठी नाही, पण सोडू नये. त्या वर्षात रविवारची कामं सुरू करा आणि तुमची झोप कोणत्या चित्राने उडते ते घरच्यांना एकदा मोकळेपणी सांगा. तुमचं चित्र माझ्यापेक्षा वेगळं असेल, त्यामुळे वहीही वेगळी निघेल.

आता गाळ्यात चार माणसं आहेत. पगार ७ तारखेला होतो. बिलं अडकली तेव्हा दोनदा बायकोच्या खात्यातून दिला, पण ७ तारीख टळली नाही. आबा गावी असतात. दर महिन्याच्या ७ तारखेला संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "झालं का समद्यांचं?"