गुण = गुण + १ : 'बरोबर' म्हणावं की 'ठेव'?

परभणीजवळच्या एका गावात आठवी-नववीला पायथन ही संगणकाची भाषा शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय, "गुण = गुण + १ ही ओळ मोठ्यानं वाचायची कशी? 'गुण बरोबर गुण अधिक एक' म्हटलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, 'सर, हे चूक हाय की!'"

त्या पोराचं म्हणणं खरं आहे. कुठलीच संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. घोटाळा 'बरोबर' या शब्दानं केलाय.

हा शब्द फारसी 'बराबर'वरून आला. त्यातला 'बर' म्हणजे छाती. छातीला छाती भिडवून, एका पातळीत. गणिती रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये = हे चिन्ह वापरलं तेव्हा त्याच्या मनातही हेच होतं: सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक समान काय असणार! म्हणून बीजगणितात 'बरोबर' चपखल बसतो. पण १९५७ च्या फोरट्रान या संगणकाच्या भाषेने हे चिन्ह निराळ्याच कामाला जुंपलं, आणि सी, पायथन या भाषा त्याच वाटेनं गेल्या. पास्कल या भाषेत या कामाला := असं वेगळं चिन्ह आहे; शिकणाऱ्यासाठी मला तेच बरं वाटतं.

इथे = म्हणजे विधान नव्हे, आज्ञा. आज्ञेला मराठीत क्रियापद हवं, म्हणून 'ठेव' म्हणा: "गुणमध्ये एक मिळव, जे येईल त्याला गुण हेच नाव ठेव." मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि यंत्रही उजवीकडचा हिशोब आधी करून नावाकडे मग वळतं. गुण ७ असतील तर आधी ८ होतात, मग 'गुण' हे नाव सातावरून उठून आठावर बसतं.

'ठेव' मला आवडतो तो त्याच्या दोन अर्थांसाठी. बळदात ज्वारी ठेवतात, आणि बाळाचं नावही ठेवतात. सी शिकवताना बळद चालतं. पायथनमध्ये नावच धरा. हे करून बघा:

अ = [१, २]
ब = अ
ब[०] = ९

(पायथन मोजणी ० पासून करतो, म्हणून ब[०] म्हणजे यादीतला पहिला आकडा.) आता अ छापलात तर [९, २] दिसेल. बळदं दोन असती तर एकातलं धान्य बदलून दुसऱ्यातलं बदललं नसतं. पण घरी पिंट्या आणि हजेरीपटावर प्रशांत, पोरगा एकच. पिंट्याचे केस कापले की प्रशांतचेही कापलेले असतात. (नाव एकवचनीच ठेवायचं, 'नावं ठेवणं' म्हणजे खोड काढणं.)

== मात्र 'आहे का?' असं वाचा. वय == १४ म्हणजे "वय १४ आहे का?" उत्तर खरं किंवा खोटं. अटीत चुकून एकच = पडलं तर पायथन तिथेच अडवतो. सी सहसा चालू देतं: वय १४ होऊन बसतं आणि अट कायम खरी ठरते. मोठ्यानं वाचलं तर 'आहे का'च्या जागी आलेलं 'ठेव' लगेच कानाला खटकतं.

'गुण'सारख्या नावाला, म्हणजे व्हेरिएबलला, 'चल' म्हणायला काहीच हरकत नाही, बीजगणितातून मुलांच्या ओळखीचा आहे. पायथन ३ मध्ये गुण, वय ही नावं देवनागरीतच लिहिता येतात. वरच्या ओळींतले आकडे तेवढे टाइप करताना इंग्रजी घ्या, देवनागरी आकडा दिसला की पायथन ओळ नाकारतो.