खाण संपली, विद्यापीठ आहे. मग रोजगार का नाही?

प्रश्न: राजुरा तालुक्यातल्या आमच्या गावाजवळची कोळसा खाण बंद झाली. मागे ओबीचे (कोळशावरून उपसलेल्या माती-दगडांचे) डोंगर आणि पाण्याने भरलेला खड्डा उरला. जिल्ह्यासाठी गोंडवाना विद्यापीठ आहे, पण शिकलेली पोरं नागपूर-पुण्याला जातात. ताई, तुम्ही जर्मनीच्या कोळसापट्ट्यात राहता. तिथल्या विद्यापीठाने खरंच रोजगार दिला का?
– एक वाचक, राजुरा

उत्तर: दादा, दिला, पण उशिरा, आणि नुसत्या पदव्या वाटून नाही.

मी राहते ते कॉटबुस पूर्व जर्मनीतल्या लाउझित्झ भागात आहे. १९८९ साली इथल्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) उद्योगात जवळपास ८०,००० माणसं होती. जर्मनी एक झाल्यावर काही वर्षांतच बहुतेकांचं काम गेलं. १९९१ मध्ये इथे तांत्रिक विद्यापीठ निघालं, तरी तरुण जातच राहिले. बर्लिन रेल्वेने तास-सव्वा तासावर. पदवी हाती आल्यावर कोण थांबणार?

विद्यापीठाचा खरा उपयोग झाला तो त्याने इथलंच दुखणं अभ्यासाला घेतलं म्हणून. मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते, ते रोज पाहते. खाणीतून उपसलेल्या मातीत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं. त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल आणि लोह सुटतं. जुन्या खाणींच्या खड्ड्यांत झालेली तळी आम्लधर्मी होतात, श्प्रे नदीचं पाणी तपकिरी होतं. काही तळ्यांत जहाजाने चुना सोडावा लागतो. विद्यापीठाने २००५ मध्ये खाणीच्याच जमिनीवर सहा हेक्टरांचं कृत्रिम पाणलोट क्षेत्र तयार करून घेतलं. उघड्या वाळूवर पाणी कुठून वाहतं, झाडोरा कसा धरतो, याच्या नोंदी तिथे वर्षानुवर्षं झाल्या. असल्या जमिनीचं पुढे काय करायचं, हे अशा नोंदींशिवाय कळत नाही.

अर्थात पैसा सरकारचाच. कोळसा २०३८ पर्यंत थांबवायचा कायदा २०२० मध्ये झाला, आणि कोळसा भागांसाठी ४,००० कोटी युरोपर्यंतची तरतूद झाली. २०२४ मध्ये कॉटबुसला रेल्वेचा नवा दुरुस्ती कारखाना सुरू झाला. तिथे १,२०० नोकऱ्यांची योजना आहे. त्याच वर्षी इथल्या कार्ल-थीम रुग्णालयाचं वैद्यकीय विद्यापीठ झालं, कारण खेड्यांना डॉक्टर मिळत नाहीत. शिक्षण आणि नोकरी एकाच गावात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही ग्रामसभेचा ठराव करून विद्यापीठाकडे जा. नवी इमारत मागू नका. आधी खड्ड्यातलं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून द्या म्हणा, आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. पाणी चांगलं निघालं तर मासेमारी सहकारी संस्थेचा विचार करता येईल. वाईट निघालं तर गुरं तिकडे जाऊ देऊ नका. ओबीवर कोणती झाडं टिकतात, ते वनस्पतिशास्त्राच्या मुलांना प्रकल्प म्हणून घेऊ द्या. आणि खाणीतले तुमचे फिटर, इलेक्ट्रिशियन, पंप चालवणारे घरी बसले असतील, तर त्यांना कौशल्य वर्गांत शिकवायला मानधनावर घ्या, असा आग्रह धरा. पंपाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस तालुक्यात असताना बाहेरून शिक्षक कशाला आणायचा?