दोन तासांचं बरं वाटणं खरं धरायचं का?

"सायकलवरून आलो की दीड-दोन तास एकदम हलकं वाटतं, मॅडम. मग ऑफिसात पोचेपर्यंत सगळं पुन्हा जिथल्या तिथं. म्हणजे हे तात्पुरतंच ना? कशाला उठायचं मग एवढ्या पहाटे?"

व्यायाम सुरू केलेली बरीच माणसं मला हेच विचारतात. कोणी चालायला जाणारी असतात, कोणी पोहायला. जे टिकत नाही ते खरं कसं मानायचं, ही शंका मात्र सगळ्यांची सारखीच. वरचं वाक्य गोव्यातल्या डिचोलीकडच्या एका चाळिशीतल्या गृहस्थांचं आहे. त्यांना इथं प्रसाद म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांची संमती आहे.

प्रसाद एका कारखान्यात हिशेबाचं काम बघतात. आई गेल्यानंतर हळूहळू त्यांचं कशातच मन लागेना. पहाटे साडेतीनला जाग यायची ती परत डोळा लागायचा नाही. जेवणाची चव गेली. वर्षानुवर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारा हा माणूस ऐन चतुर्थीत "पाठ दुखते" सांगून घरी बसला, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की दुखणं पाठीचं नाही. तिनंच त्यांना बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी थायरॉइड, बी-12 वगैरे तपासून घेतलं, नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू केल्या. बोलण्याच्या उपचारासाठी ते माझ्याकडे येऊ लागले.

सायकल मेव्हण्यानं आणून दिली. कामाच्या दिवशी नार्व्याच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत, आणि रविवारी फेरीबोटीनं दिवाडी बेटावर. तिथं दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, मध्ये सपाट रस्ता, वाहनं तुरळक.

हे तात्पुरतं आहे की नाही, यावर मी वाद घातला नाही. खिशात मावेल एवढी वही ठेवायला सांगितली. निघताना, परतल्यावर आणि दुपारी जेवताना मन कसं आहे त्याला दहापैकी आकडा द्यायचा, बस. नैराश्यात आठवणीवर विसंबून चालत नाही. मन खाली असलं की खालच्याच गोष्टी चटकन आठवतात, आणि रात्री मागं वळून पाहिलं तर "अख्खा दिवस वाईट गेला" असंच वाटतं.

वही उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक दिवशी निघताना तीन, आल्यावर सहा, दुपारी चार. म्हणजे उतरत होतं, पण दरवेळी तळाला जात नव्हतं. आणि काही दिवशी आल्यावरचा आकडा निघतानाच्या आकड्यापेक्षाही कमी होता. ते दिवस कुठले, हे त्यांनीच शोधून काढलं: मेव्हण्याच्या ग्रुपबरोबर चढावर स्पर्धा लावलेले. दम एका मर्यादेपलीकडे लागला की बहुतेकांना त्या वेळी बरं वाटायच्या ऐवजी नकोसं होतं. थांबल्यावर काहींना ते भरून येतं, पण आधीच खचलेल्या माणसाला "मागे पडलो" एवढंच आठवत राहतं. मी त्यांना त्यांच्याच भाषेतलं माप दिलं: सायकलवर शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग गाता येऊ नये. ग्रुप सुटला आणि ते खराब दिवस जवळजवळ थांबले.

"हे सगळं एंडॉर्फिनचं ना?" त्यांनी एकदा विचारलं. व्यायामानं शरीरात एंडॉर्फिन हे वेदना शमवणारं द्रव्य वाढतं आणि त्यानं बरं वाटतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं, पण चित्र तेवढं सरळ नाही. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तरी धावल्यानंतरचा आनंद कमी झाला नाही. शरीरात तयार होणारी दुसरी द्रव्यं, एंडोकॅनाबिनॉइड, यात मोठी भूमिका बजावत असावीत असं आता मानतात. त्यांच्यापैकी ॲनंडामाइड हे मेंदूत सहज पोचतं, आणि मध्यम जोरानं धावल्यावर किंवा सायकल चालवल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे 2003 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. प्रसादना हे ऐकून बरं वाटलं. आपल्याला वाटतं तो भास नाही, रक्तात मोजता येतो असा बदल होतो, एवढंच त्यांना हवं होतं. अशी द्रव्यं वाढतात आणि उतरतात. उतरली म्हणजे आधीचं खोटं ठरत नाही.

मग मी विचारलं, त्या दोन तासांत तुम्ही करता काय?

आंघोळ, चहा, मोबाइल. आणि हे कधी उतरतंय याची वाट बघत बसणं.

माझ्या मते गाडी इथं अडली होती. नैराश्यात माणूस म्हणतो, मन झालं की करीन. ते मन होत नाही, कामं तुंबतात, आणि तुंबलेली कामं बघून मन आणखी खचतं. उपचारात आम्ही हा क्रम उलटा करतो: आधी छोटी कृती, मन मागाहून येतं. पण ती छोटी कृतीसुद्धा आकडा तीनवर असताना डोंगराएवढी वाटते. सहावर असताना जमते. व्यायामानंतरचे ते दोन तास किती टिकतात यापेक्षा त्यांत काय उरकतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

टाळलेल्या गोष्टींची यादी केली. आईचं कपाट, बँकेतले वारसाचे कागद, मंडळाच्या बुवांना फोन, पखवाज. कपाट मी मुद्दाम शेवटी ठेवायला सांगितलं. त्यांनी पखवाज निवडला. पहिल्या दिवशी वाजवायचा नाही, नुसता खोळीतून काढायचा असं ठरलं. डाव्या पुडीवर, आवाज खर्जात यावा म्हणून लावतात ती कणीक, जुनी होऊन वाळून दगडासारखी झाली होती. ती त्यांनी ओल्या फडक्यानं भिजवून, नखानं थोडी थोडी सोडवली. पुड्या ताणून धरणारी वादी सैल पडली होती, तिच्याखालचे लाकडी गट्टे ठोकून घेतले. दोन दिवसांनी बायकोकडे मूठभर कणीक मागितली. ती काही न बोलता मळायला बसली, आणि हे सांगताना प्रसाद माझ्यासमोर पहिल्यांदा रडले. वारसाचे कागद त्याच आठवड्यात झाले. बुवांना फोन करायला मात्र बराच काळ लागला.

दुपारचा आकडा पुढच्या काही महिन्यांत चारावरून पाच-सहापर्यंत आला. याचं श्रेय मी एकट्या सायकलला देणार नाही. गोळ्या होत्या, बोलणं होतं, मंडळ होतं. प्रसादनीही मधेच विचारलं, सायकल आहे तर गोळ्या सोडू का? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 1999 मध्ये 156 जणांवर झालेल्या अभ्यासात 16 आठवड्यांनी व्यायामाचा गट आणि गोळ्यांचा गट जवळपास सारखेच सुधारले होते, हे खरं. पण ती माणसं आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम करत होती. गोळ्या कमी करायच्या तर डॉक्टरांनी, हळूहळू. मनानं बंद करू नका, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते.

पावसाळ्याची तयारी आम्ही मे महिन्यातच केली. जूनपासून रस्ते निसरडे होतात, सायकल पडवीत जाते, आणि "खंड पडला, संपलं" असं मन घेतं. म्हणून ओसरीवर सूर्यनमस्कार आणि पाऊस उघडला की देवळापर्यंत झपाझप चालणं, असं ठरवून टाकलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. प्रसादना सुरुवातीला त्याच्या निम्माही झेपत नव्हता, तरी वहीत फरक दिसत होता.

घरच्यांना एक कळकळीचं सांगणं. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला "जा, सायकल मार, बरं वाटेल" असं म्हणू नका. त्याच्या चपला काढून ठेवा, तुमच्याही घाला आणि फाटकापर्यंत सोबत जा. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशानंच मन वर येत नसेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर व्यायामाचा प्रयोग करत थांबू नका. डॉक्टरांकडे जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस सुरू असतो, फोन फुकट आहे.