गटाची वही, ग्रामसभेचा ठराव, पट्ट्यावरचं नाव: बायकांच्या संघटनाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या रूपांत आली आहे. बचत गट आहे, सभा आहे, कायदाही आहे. पण वही, शिक्का किंवा सही दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. म्हणून उत्तरांत कागदावर जास्त भर दिला आहे.

प्रश्न: आमचा पाडा सातपुड्यात, धडगाव तालुक्यात आहे. अकरा घरं. दिवाळीनंतर निम्मी माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला परततात. असा गट टिकेल का?

टिकेल, पण बारमाही वस्तीच्या गावाचे नियम जसेच्या तसे लावलेत तर मोडेल. दहा ते वीस जणींचा गट हा सर्वसाधारण नियम आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात पाच जणींचाही गट होतो. तेव्हा अकरा घरांतून सात जणी आल्या तरी पुरे. आकडा भरण्यासाठी दुसऱ्या पाड्यावरच्या बायकांची नावं घालू नका. ज्या बैठकीला येऊ शकत नाहीत, त्यांचीच कर्जं पुढे अडकतात.

निघण्याआधीच्या शेवटच्या बैठकीत एक ठराव लिहा. कोण कोण जाणार, कधी परतणार, त्या महिन्यांची बचत आधी भरणार की आल्यावर, आणि त्या काळात दंड नाही, एवढं त्यात हवं. मागे राहिलेल्या तिघी-चौघींनी बैठक चालू ठेवायची, मात्र मोठं कर्ज मंजूर करायचं नाही, हेही लिहा. बँक गटाची प्रतवारी करते तेव्हा बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब या पाच गोष्टी पाहते. वहीत नुसते कोरे महिने दिसले तर गट बंद पडला असं धरतात. ठराव असेल तर ते स्थलांतर ठरतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. श्रावण-भादव्यात घरातलं धान्य संपतं आणि नेमकी तेव्हाच मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, दारात येते. गटाची रक्कम त्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा. दोन-तीन हजारांचं कर्ज वेळेवर मिळालं तर एखादं घर उचल न घेता निघू शकतं, आणि मग कुठल्या टोळीत जायचं, कुठल्या दराने तोडायचं हे बोलायला तोंड उरतं. पाड्यावरच्या गटाचं याहून मोठं काम आम्हाला दिसत नाही.

प्रश्न: आमच्यातल्या कुणालाच नीट लिहिता येत नाही. अध्यक्षबाईंचा मुलगा वही लिहितो. आता कुणाकडे किती बाकी, यावरून भांडणं होतात.

मुलाने लिहायला हरकत नाही. पण त्याने घरी बसून लिहिणं बंद करा. वही बैठकीतच, सगळ्यांसमोर लिहायची आणि लिहिलेलं त्याच जागी मोठ्याने वाचायचं. नोटा एकीने मोजायच्या, दुसरीने पुन्हा मोजायच्या. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. बँकेतून पैसे काढायला तिघींपैकी कुठल्याही दोघींच्या सह्या किंवा अंगठे ठेवा.

हिशोब पडताळायला अक्षरओळख लागत नाही. समजा मागची शिल्लक 340 रुपये. आज बारा जणींची शंभर-शंभर बचत आली, 1,200. मुद्दलाची परतफेड 1,500, व्याज 210. एकूण 3,250. एकीला 3,000 कर्ज दिलं, तर पेटीत 250 राहायलाच हवेत. राहिले नाहीत तर बैठक संपवू नका. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सोडलेले वीस रुपये वर्षाअखेरीला शोधता येत नाहीत. ज्यांना आकडे जड जातात त्यांनी चिंचोके घ्यावेत: शंभराला एक चिंचोका, येणाऱ्यांचा एक ढीग, जाणाऱ्यांचा दुसरा.

बाकीवरून भांडण होतं त्याचं कारण बहुधा व्याजात असतं. 5,000 रुपये, महिना 2 टक्के, दहा हप्ते असं धरा. दर महिन्याला मूळ रकमेवरच 100 रुपये व्याज घेतलं तर एकूण व्याज 1,000 होतं. मुद्दल 500 ने कमी होत जातं तसं उरलेल्या रकमेवर व्याज घेतलं तर 100, 90, 80 असं उतरत शेवटी 10, म्हणजे एकूण 550. फरक 450 रुपयांचा. लिहिणाऱ्याने एक पद्धत धरली आणि घेणारीने दुसरी समजून घेतली की दोघीही खऱ्या असून वाद पेटतो. आमचा कौल उतरत्या व्याजाला आहे. कोणती पद्धत, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि जुनी सगळी कर्जं एकदाच, भर बैठकीत, त्या पद्धतीने नव्याने मांडा.

प्रश्न: मायक्रोफायनान्सचं कर्ज माझ्या नावावर आहे, पैसे नवऱ्याने खर्चले. हप्ता चुकला की वसुलीचा माणूस रात्री आठला घरी येऊन बसतो. गटातून कर्ज काढून हे फेडू का?

कर्ज तुमच्या नावावर आहे, त्यामुळे देणं तुमचंच राहतं. ते कटू असलं तरी आधी सांगायला हवं. पण रात्री आठला येऊन बसण्याचा हक्क कुणालाही नाही. रिझर्व्ह बँकेच्या 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांत सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर तगादा लावणं, धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं हे सगळं निषिद्ध आहे. वसुली ठरलेल्या जागी व्हायची असते. त्या जागी तुम्ही लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा गेला नाहीत, तरच घरी येता येतं.

आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही.

गटातून फेडायचं की नाही, हे घरातले सगळे हप्ते एका कागदावर मांडल्यावरच ठरवा. नियमानुसार घराच्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. ते आधीच जास्त असतील तर नव्या कर्जाने फक्त सावकार बदलेल. मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, तेव्हा हंगामाचे पैसे आले की सगळ्यात महाग कर्ज आधी मिटवा. आणि पुढे कुणाच्याही नावावरचं कर्ज गटाने मंजूर करताना पैसे तिच्याच खात्यात आणि कारण वहीत, हे पाळा.

प्रश्न: आमच्या गावात महिला ग्रामसभा फक्त रजिस्टरवर होते. घरोघर सह्या घेऊन जातात. आम्ही काय करायचं?

सही करायची नाही, एवढंच पहिलं. कोऱ्या पानावर किंवा कोऱ्या जागेखाली तर मुळीच नाही. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती कधी आहे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी विचारा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. तुमचा विषय सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, हे त्याच अर्जात लिहा.

सभेत बोलून झालं म्हणजे काम झालं असं नाही. बहुतेक मागण्या ठरावाच्या भाषेत मरतात. ‘पाड्यावर पाण्याची सोय करावी असे ठरले’ या वाक्याने कुणावरच काही बंधन येत नाही. तेच असं लिहून घ्या: ‘वरच्या पाड्यावरील शाळेजवळचा हातपंप तीन महिन्यांपासून बंद आहे. 34 कुटुंबे ओढ्याचे पाणी पितात. ग्रामपंचायतीने 15 दिवसांत दुरुस्ती करावी. खर्च पाणीपुरवठ्याच्या तरतुदीतून करावा. झालेल्या कामाची माहिती पुढील ग्रामसभेत द्यावी.’ खाली सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन बायकांची पूर्ण नावं. जागा, किती घरं, कुणी करायचं, कधीपर्यंत, पैसे कुठून: यातली एक गोष्ट सुटली की पळवाट तयार.

ठराव तिथेच वाचून घ्या, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायला लावा, मगच सह्या. पानाचा मोबाइलवर फोटो काढा. नंतर प्रत नाकारली तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे.

तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, असेल तर आणखी एक वाट आहे. पेसाच्या 2014 च्या नियमांमुळे पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मिळवता येते. त्यासाठी पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. मोठ्या गावच्या चावडीवर न बोलणाऱ्या बायका आपल्या पाड्यावर मोकळेपणाने बोलतात. म्हणून ही खटपट करण्यासारखी आहे.

प्रश्न: वनहक्काचा पट्टा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर निघाला. माझं नाव लागू शकतं का?

लागायलाच हवं. वनहक्क कायदा 2006, कलम 4(4): विवाहित असल्यास हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त नोंदवायचा. हा पट्टा वारसाने जातो, विकता येत नाही.

एकेकीने फिरू नका. ज्यांच्या पट्ट्यावर बायकोचं नाव नाही अशा सगळ्या घरांची यादी करा: पट्टा क्रमांक, जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, दोघांची आधारवरची नावं. ग्रामसभेत ठराव घ्या आणि अर्ज उपविभागीय समितीला, प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीला द्या. सातबाऱ्यावरही दोघांची नावं आली का, ते पाहा. सगळ्यात जास्त अर्ज स्पेलिंगवर अडतात. आधारवर माहेरचं नाव आणि मतदार यादीत सासरचं असेल तर ते आधी जुळवा.

ज्यांचा दावा अजून चालू आहे त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश महिला आहेत का, आणि दावा मंजूर करणाऱ्या सभेत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश बायका होत्या का. ही अट पाळली नसेल तर ठरावालाच आव्हान देता येतं. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. अपिलाला 60 दिवस असतात.

प्रश्न: गावातलं परवान्याचं देशी दारूचं दुकान बंद करायचं आहे. मतदान कसं होतं?

गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज केला की सह्यांची पडताळणी होते आणि नंतर गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहावं, आडवी म्हणजे बंद व्हावं.

फसगत होते ती टक्क्यांत. झालेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला हवीत. यादीत 640 बायका असतील तर अर्जाला 160 सह्या आणि मतदानात किमान 321 मतं. जी आली नाही तिचं मत दुकानाच्या बाजूने गेल्यासारखंच. म्हणून ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या हंगामात मतदान लागू नये, हे अर्जात लिहून मागा. सह्या 200 च्या वर घ्या, कारण पडताळणीत काही बाद होतात. नाव आणि अनुक्रमांक मतदार यादीप्रमाणेच लिहा, सही करणारीच पडताळणीला हजर राहील हे बघा. वाड्यावार जबाबदारी वाटून घ्या: एकीकडे पंधरा-वीस नावं, मतदानाच्या दिवशी तीच त्यांना घेऊन येईल.

हातभट्टीसाठी या मतदानाची गरज नाही, ती मुळातच बेकायदा आहे. सामूहिक तक्रार पोलीस आणि उत्पादन शुल्क विभाग दोन्हीकडे द्या, पोच घ्या. डबे स्वतः फोडू नका. पंचनामा न होता माल सांडला की पुरावा जातो आणि गुन्हा उलट तुमच्यावर दाखल होऊ शकतो. धाड पडेल तेव्हा पंच म्हणून गावातल्या दोन बायकांची नावं घ्यावीत, अशी विनंती अर्जातच करून ठेवा.