वाचकांचे प्रश्न : 'ब्रू' करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न (मिरज) : भेट आलेल्या ग्रीन टीच्या डब्यावर 'ब्रू फॉर थ्री मिनिट्स' असं छापलंय. तीन मिनिटं उकळला, तर तोंडात धरवेना इतका कडू झाला. शब्दकोशात 'ब्रू' म्हणजे 'दारू गाळणे' दिलंय. मग करायचं काय?

शब्दकोश इथे अर्धाच कामाचा आहे. 'ब्रू' हा मुळात बिअर करणाऱ्यांचा शब्द. सार या अर्थाचा 'ब्रॉथ' हा शब्दही त्याच धातूचा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहा-कॉफी पोचली, तेव्हा त्यांच्यासाठीही हाच शब्द वापरात आला. आज त्याचा अर्थ एवढाच, की पाण्यात पदार्थाचा कस उतरू द्यायचा. पाणी उकळतं हवं, नुसतं गरम हवं की गार, हे तो शब्द सांगत नाही. ते पदार्थावर ठरतं.

मराठीत एकच प्रतिशब्द सापडत नाही, कारण आपल्याकडे हे काम आधीच वाटून दिलेलं आहे. आयुर्वेदात वनस्पती पाण्यात उकळून आटवली की काढा. जुन्या मापाने १६ पट पाणी घालून आठवा हिस्सा उरवायचा. गरम पाणी ओतून झाकून ठेवलं की फांट. गार पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलं की हिम. इंग्रजीत तिन्हींना 'ब्रू' म्हटलेलं चालतं. तुमच्या डब्याला फांट हवा होता आणि तुम्ही काढा केलात.

एका कपाला, म्हणजे १५० ते २०० मिली पाण्याला, २ ग्रॅम पत्ती घ्या. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे सुटू लागले पण उकळी फुटली नाही, की आच बंद करा. ते पाणी साधारण ७५ ते ८० अंशांवर असतं. पत्तीवर ओता, झाकण ठेवा, दोन ते तीन मिनिटांनी गाळा. गाळायचं विसरू नका. पत्ती कपात राहिली तर कडवट, तुरट अंश उतरतच राहतो.

प्रश्न (सातारा) : मग आपला रोजचा दुधाचा चहा 'ब्रू' केलेला म्हणायचा की 'बॉइल' केलेला? त्याचीही योग्य रीत सांगा.

दोन्ही म्हणता येईल, पण त्याला उकळणं चालतं याचं कारण पावडरीत आहे. आपण वापरतो ती दाणेदार पावडर सीटीसी पद्धतीची, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेली. तिचा कस झटकन उतरतो आणि कडक उतरतो. तो तुरटपणा दूध आणि साखर सोसून घेतात. दुधातलं प्रथिन चहातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, बांधून ठेवतं. म्हणूनच दूध, पाणी आणि पावडर एकदम चढवली तर रंग फिका राहतो, मग माणूस वर आणखी पावडर टाकतो.

दोन कपांसाठी दीड कप पाण्याचं आधण ठेवा, त्यात साखर आणि ठेचलेलं आलं घाला. आल्याला पाण्यात दोन मिनिटं खळखळू द्या. कच्च्या आल्यातलं एक विकर (एन्झाइम) दूध फाडतं आणि ते उकळीने निकामी होतं. 'आल्याचा चहा फाटला' या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. मग सपाट दोन चमचे पावडर, दीड-दोन मिनिटं उकळी, नंतर तापवलेलं पाऊण कप दूध, एक उकळी वर आली की उतरवा. गवती चहा मात्र आधणात शिजवत बसू नका. त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. आच बंद करून तो टाका आणि दोन मिनिटं झाकून ठेवा.

प्रश्न (सांगली) : तीच पावडर, तेच माप, महाबळेश्वरला गेलो की चहा फिका होतो. पाण्याचा दोष का?

उंचीचा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. सांगली सुमारे ५५० मीटरवर, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर, तिथे साडेपंच्याण्णवच्या आसपास. गॅस मोठा केल्याने उकळत्या पाण्याचं तापमान वाढत नाही, पाणी फक्त लवकर आटतं. आच तेवढीच ठेवून मिनिटभर जास्त उकळा. डिप टी असेल तर गार कप आधी गरम पाण्याने खंगाळून घ्या; थंडीत कपच दहा-बारा अंश खाऊन टाकू शकतो.

प्रश्न (कराड) : फिल्टर कॉफीच्या अर्काला 'डिकॉक्शन' म्हणतात. डिकॉक्शन म्हणजे काढा ना? मग ती उकळायची का?

शब्दाचा अर्थ तुम्ही बरोबर लावलात, फसवतंय ते नाव. दक्षिणेतलं हे 'डिकॉक्शन' उकळलेलं नसतंच. पितळी किंवा स्टीलच्या दोन मजली फिल्टरच्या वरच्या डब्यात साधारण २० ग्रॅम पूड टाका, चकती हलकेच ठेवा आणि उकळून अर्धं मिनिट थांबलेलं १०० ते १२० मिली पाणी गोल फिरवत ओता. झाकण लावून निदान १५ मिनिटं हात लावू नका.

अर्क उतरतच नसेल तर पूड फार बारीक आहे किंवा चकती दाबून बसवलीय. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) जास्त असली तरी असंच होतं, कारण ती पाणी पिऊन फुगते. पाकिटावर प्रमाण वाचा. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळजवळ अर्धी चिकोरी कायद्याने चालते. उलट पाणी दोन मिनिटांत खाली आलं तर पूड जाड आहे, आणि कॉफी पाणचट होणार. उतरलेला अर्क पुन्हा आचेवर ठेवायचा नाही. दूध कडकडीत तापवा आणि अर्क त्यात ओता. सकाळचा अर्क दुपारपर्यंत मंद आचेवर ठेवला की जी जळकट, आंबूस चव येते, तिला कित्येक जण 'स्ट्राँग कॉफी' समजतात!

'ब्रू' नावाची झटपट कॉफी हा आणखी एक घोळ. उच्चार तोच, पण ते ब्रँडचं नाव, त्याचं स्पेलिंगही वेगळं. झटपट कॉफी कारखान्यातच ब्रू करून सुकवलेली असते. आपण ती फक्त विरघळवतो.

प्रश्न (तासगाव) : द्राक्षांची वाइन 'ब्रू' करतात म्हटलं तर चालेल? आणि मळीपासून दारू?

दोन्हीकडे नाही. द्राक्षात साखर तयारच असते. चुरडून यीस्टच्या हवाली केली की आंबवणं सुरू होतं, पाण्यात कस उतरवण्याची पायरीच नसते. ती वायनरी. बिअर जवाची. जवात साखर नाही, पिष्ट (स्टार्च) असतं. जव मोडवून, वाळवून, भरडून साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातली विकरं पिष्टाची साखर करतात. पाणी पंच्याहत्तरच्या वर गेलं की विकरं मरू लागतात आणि गोडी अर्धवट राहते. मग गाळून तासभर हॉप्सबरोबर (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) उकळायचं, २० अंशांच्या आसपास निववून यीस्ट घालायचं. त्या उकळत्या रसात घातलं तर यीस्टच मरेल. ही सगळी खटपट म्हणजे 'ब्रूइंग', आणि ते करणारी ती ब्रूअरी. मळी आंबवून मग वाफेने अल्कोहोल वेगळं काढतात, ती डिस्टिलरी. मराठीतलं 'दारू गाळणे' हे त्या कामाला लागू, ब्रूअरीला नव्हे. पहिल्या प्रश्नातल्या शब्दकोशाची चूक इथे आहे. हे माहितीसाठी, १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे.

प्रश्न (आटपाडी) : कोऱ्या चहावर तेलकट तवंग येतो. पावडर भेसळीची का?

बहुधा पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून तो पापुद्रा बनतो. लिंबाचे चार थेंब पिळा, तवंग येणार नाही. किंवा पाणी आधी उकळून निवळू द्या, वरचं पाणी चहाला घ्या.

प्रश्न (वाई) : 'ट्रबल इज ब्रूइंग' याचं मराठी?

'काहीतरी शिजतंय.' संशय जुना असेल तर 'कुठेतरी पाणी मुरतंय.'