तारा, ट्यूब आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की तुमच्याकडची जीव की प्राण असलेली गिटार, बेस, अँप जे काही असेल त्याबद्दल लिहा आणि कुठे अडत असेल तर बिनधास्त विचारा. पत्रं भरपूर आली, सगळ्यांना इथे उत्तरं देणं जमणार नाही, पण वाचताना जाणवलं की बऱ्याच जणांची काळजी एकच आहे, ही वस्तू दुसऱ्याच्या हातात देऊ का, बाहेर काढू का, वाजवून खराब तर होणार नाही ना. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : नोकरीला लागल्यावर पैसे साठवून साठवून गिब्सन लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. आता बँडमधला मित्र रेकॉर्डिंगसाठी चार दिवस मागतोय. घरचे म्हणतात अजिबात देऊ नकोस. नाही म्हणायला जीव होत नाही आणि हो म्हणायला धीर होत नाही. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : द्या. मित्र हाताने नीट असेल, वस्तूची कदर असणारा असेल तर नक्की द्या.

फ्लीटवूड मॅक बँडचा गिटारवादक पीटर ग्रीन, त्याची १९५९ ची लेस पॉल बघा. तिच्या नेक पिकअपमधलं, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या, नेकजवळच्या भागातलं चुंबक उलटं बसलेलं, त्यामुळे स्विच मधे ठेवला की दोन्ही पिकअप एकमेकांना छेद देतात आणि थोडा नाकातून आल्यासारखा, पातळ पण काळजाला भिडणारा आवाज येतो. ग्रीनने ती आधी गॅरी मूर या गिटारवादकाला थोडे दिवस वाजवायला दिली, तेव्हा मूर अगदी पोरगा होता, आणि मग म्हणाला तूच घे ही. मूरने स्वतःची एसजी गिटार विकली, आणि तो सांगायचा की ग्रीनने नफा असा बघितलाच नाही, आपल्याला जेवढ्याला पडली तेवढेच पैसे घेतले. मूरने पुढे कितीतरी वर्षं ती वाजवली, १९९५ साली ग्रीनच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. आज ती मेटालिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे, त्याने २०१४ मध्ये घेतली आणि काचेच्या कपाटात न ठेवता तो ती स्टेजवर वाजवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या पॅलेडियम थिएटरात ग्रीनच्या सन्मानार्थ कार्यक्रम झाला तेव्हाही हॅमेट हीच गिटार घेऊन उभा होता, आणि त्याच वर्षी जुलैत ग्रीन गेला. ती पहिल्याच मालकाच्या कपाटात पडून राहिली असती तर यातलं काहीच झालं नसतं ना.

आता काळजीचं. लेस पॉल कुठे मोडते ते माहीत असू द्या. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा वरचा भाग, मागे झुकलेला असतो, आणि नटच्या (तारा जिच्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी) वर जी छोटी प्लेट असते ना, तिच्याखाली ट्रस रॉडसाठी, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईसाठी, लाकूड कोरून काढलेलं असतं, म्हणजे बरोबर जिथे ताण येतो तिथेच लाकूड सगळ्यात कमी. गिटार भिंतीला टेकवून ठेवली, सरकली, पाठीवर पडली की तिथेच तडा जातो. म्हणून मित्राला स्पष्ट सांगा, भिंतीला टेकवायची नाही, वाजवत नसशील तेव्हा हार्ड केसमध्ये. स्टँड वापरणारच असेल तर त्याच्या रबरावर सुती फडकं गुंडाळायला सांगा, गिब्सनचं नायट्रो फिनिश, म्हणजे वरचा लाखेचा थर, काही रबरांना चिकटून वितळतं आणि तो डाग मग जात नाही. वाजवून झाल्यावर तारा आणि नेकची मागची बाजू पुसायची, आपल्याकडच्या घामाला हे हवंच.

आणि देण्याआधी हेडस्टॉकच्या मागचा सिरियल नंबर, लाकडाचे रेषे, एखादा जुना ओरखडा असे स्पष्ट फोटो काढून ठेवा. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला साधारण ३० पौंडांना घेतलेला डावखुरा हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनला नॉटिंग हिल भागात गाडीतून चोरीला गेला, आणि पन्नासएक वर्षांनी इंग्लंडमधल्याच एका घराच्या माळ्यावर सापडला, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते जाहीर झालं. तो हाच बेस हे पटवता आलं कारण त्याचे जुने फोटो होते, बारीक खुणा माहीत होत्या. तुमच्या गिटारीचे फोटो तुमच्याकडेच हवेत, दुसरं कोण काढणार. आणि हो, गाडीत रात्रभर वाद्य ठेवायचं नाही, कितीही कंटाळा आला तरी.

प्रश्न : न्यू जर्सीहून कायमचा पुण्याला परततोय. माझा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा ट्यूब अँप (आत काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब असलेला) सोबत आणायची फार इच्छा आहे, पण मित्र म्हणतात तिथेच विकून ये, इकडचा करंट त्याला झेपणार नाही. खरंय का?
– एक वाचक, लवकरच पुणे

उत्तर : विकू नका, आणा. फक्त नुसता पिन बदलायचा अॅडॅप्टर लावून भिंतीत घालू नका. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. थेट लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल, नाहीतर ट्यूब आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर जळेल आणि तो खर्च छातीत धस्स करणारा असतो.

सोपा मार्ग म्हणजे स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर, पण चांगला वजनदार, आत खरंच वाइंडिंग असलेला. हेअर ड्रायरसाठी प्रवासात नेतात तसला हलका कन्व्हर्टर अँपला कधीच नको. अँपच्या मागे वीज किती खातो ते वॅटमध्ये लिहिलेलं असतं, त्याच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या. इथे बरेच जण फसतात, डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा म्हणतात तो स्पीकरकडे जाणारा आउटपुट, भिंतीतून तो त्याच्या कितीतरी पट ओढतो कारण ट्यूब तापवायलाच बरीच वीज लागते. दुसरं म्हणजे स्टेप डाउनने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत. मागे ५०/६० असं लिहिलं असेल तर निश्चिंत राहा, फक्त ६० असेल तर अँपचा ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापणार, मग मागची बाजू मोकळी ठेवा आणि तासन् तास सलग चालवू नका. कायमचेच राहणार असाल तर जाणकार टेक्निशियनकडून २३० चा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवून घेणं मला जास्त पटतं. जुना काढलेला मात्र फेकू नका, पुढेमागे मूळ अवस्थेत आणायचा झाला तर लागेल.

अँप साठच्या दशकातला असेल आणि वायरला दोनच पिना असतील तर आधी तीन पिनची वायर आणि नीट अर्थिंग करून घ्या, मूळपणा गेला तरी चालेल, एका हातात गिटारीच्या तारा आणि ओठांशी माइक असताना शॉक बसणं जिवावरचं असतं. आणि तो स्वतः उघडायचा मोह टाळा. आत ४०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात.

पॅक करताना सगळ्या ट्यूब काढायच्या आधी एक फोटो घ्या, कुठली कुठल्या सॉकेटमधली त्याची चिठ्ठी लावा, बबल रॅपमध्ये गुंडाळून हँडबॅगेत ठेवा. मागच्या मोठ्या दोन सिक्स व्ही सिक्स जातीच्या पॉवर ट्यूब, त्या पुढे बदलाल तेव्हा बायस, म्हणजे ट्यूबमधून स्थिर वाहणारा करंट, तपासून घ्या. ट्यूब मिळणार नाहीत ही भीती काढून टाका, स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये त्या अजून बनतात आणि ऑनलाइन मिळतात.

प्रश्न : माझा प्रिसिजन बेस पावसाळ्यात फार त्रास देतो. तारांना गंज, नेक वाकतो, तारा फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) घासतात. जून ते सप्टेंबर केसमध्ये बंद करून ठेवू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बंद करून ठेवलात तर केसमधली दमट हवा केसमध्येच राहील आणि बुरशी येईल ती वेगळी. पावसाळ्यात तबला उतरतो तसंच लाकडी नेकचं आहे, हवा बदलली की तो हलणारच, आपण त्याच्याबरोबर थोडं हलायचं. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि जुलैत तुमच्याकडे ती ८०-९० च्या घरात असते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की बदला, आणि रोज बाहेर काढून वाजवा, वाजवून पुसा.

नेक स्वतः तपासता येतो. बेस सुरात लावा, एक बोट पहिल्या फ्रेटवर आणि दुसरं नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा, मग सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर उत्तम. तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर ट्रस रॉड थोडा सैल करा, फट मोठी असेल तर घट्ट, घड्याळाच्या दिशेने घट्ट होतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग काही तास थांबून परत बघा. जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबा. जुन्या पद्धतीच्या प्रिसिजनमध्ये तो स्क्रू नेकच्या खालच्या टोकाला असतो, त्यासाठी नेक सैल करावा लागतो, सवय नसेल तर हे काम कारागिराकडेच द्या.

तारांचं म्हणाल तर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या तारा, लावून बघा. राउंडवाउंडच्या, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या नेहमीच्या तारांच्या, खाचांमध्ये घाम आणि मळ अडकतो, फ्लॅटवाउंड गुळगुळीत असतात, पुसल्या की स्वच्छ. डेट्रॉइटच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच वाजवायचा आणि तुटल्याशिवाय तार बदलायचा नाही, त्या जुन्या तारांचा गोल, दबका आवाजच त्या सगळ्या गाण्यांत ऐकू येतो. कोकणात तार इतकी टिकेल असं म्हणत नाही, पण स्टेनलेस स्टीलच्या फ्लॅटवाउंड नक्कीच जास्त पुरतील.

प्रश्न : आमच्या बँडमध्ये एकच बेस अँप आणि एकच छोटा गिटार अँप आहे. आळीपाळीने काहीही कशातही लावलं तर चालतं का?
– कॉलेजचा बँड, नाशिक

उत्तर : गिटार बेस अँपमध्ये खुशाल लावा. फेंडरचा बासमन अँप बेससाठीच बनवलेला, तो गिटारवाल्यांनी पळवला, आणि लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ च्या सुमारास त्याच सर्किटवरून पहिला मार्शल अँप, जेटीएम४५, तयार झाला. उलटं मात्र जपून. बेसची खालची ई तार ४१ हर्ट्झची, गिटारची ८२ ची, म्हणजे छोट्या गिटार स्पीकरचा कागदी कोन बेससाठी फारच पुढेमागे हलतो आणि आवाज वाढवला की फाटतो. सरावापुरता, अगदी हळू आवाजात चालेल, फडफड ऐकू आली की लगेच कमी करा.

प्रश्न : ट्यूब अँप मोठा केल्याशिवाय गोड वाजत नाही आणि मोठा केला की सोसायटीत तक्रार. ३० वॅटचा देऊन १५ चा घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्याने फारसं काही होणार नाही. वॅट निम्मे झाले की आवाज फक्त ३ डेसिबल उतरतो, शेजाऱ्यांना फरक कळणारही नाही. अँप ठेवा आणि अँप-स्पीकरच्या मधे लावायचा अॅटेन्युएटर घ्या, अँपच्या ओहम आणि वॅटला जुळणारा. ट्यूब जोरात चालतात, स्पीकरकडे थोडंच जातं. जोडायला स्पीकरचीच केबल हवी, गिटारची बारीक केबल तिथे तापून जळू शकते. आणि आवाज नको म्हणून स्पीकर काढून ट्यूब अँप कधीच चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि अँपमधला तो सगळ्यात महागड्या भागांपैकी एक आहे. फरशीवर अँप ठेवत असाल तर खुर्चीवर ठेवून बघा, खालच्या मजल्यावरच्या तक्रारी बहुतेक फरशीतून जाणाऱ्या धमधमीच्या असतात, आणि स्पीकर कानाच्या उंचीला आला की तुम्हालाच तो कमी आवाजात पुरेल.